दुसरे शंभर

"ताई, वर चला. मनःशांतीचा तास सुरू झालाय, हजेरी घेतायत," लिफ्टवाल्याने प्रयोगशाळेच्या दारातून सांगितलं.

"मी वर आले तर रक्त कोण बघेल?"

"ते म्हणतात, श्वास बघा."

ती हसली नाही. तिने स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली.

प्रयोगशाळेचा जुना नियम होता: आपल्या माणसाची स्लाइड आपण वाचायची नाही, शेजारच्या टेबलावर द्यायची. शेजारचं टेबल गेल्या महिन्यात रिकामं झालं. खर्च कमी करायचा म्हणून तिथल्या बाईंना घरी पाठवलं, आणि उरलेल्यांची मनं बिघडू नयेत म्हणून हा तास सुरू केला.

स्लाइड तिच्या नवऱ्याची होती.

डॉक्टरांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं. शंभर पांढऱ्या पेशींत बिघडलेल्या पाचाच्या आत असल्या, तर औषधाचा पुढचा कोर्स. जास्त असल्या, तर आता त्यांचा छळ थांबवायचा.

ती मोजू लागली. डोळा भिंगाला, बोटं मोजणीच्या बटणांवर. चांगली, चांगली, बिघडलेली, चांगली. सत्तावीस वर्षांच्या सवयीने बाकीचं सगळं मागे सरलं: सासूबाईंचा सकाळपासूनचा चौथा फोन, वरून येणारा शिकवणाऱ्याचा गुळगुळीत आवाज, दोन मजले वरची त्याची खाट. ती शांत होती. हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली.

शंभर झाले. सात.

डॉक्टर तासातून मध्येच उठून आले. आकडा बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"बाई, शंभरातले सात म्हणजे खरे चारही असू शकतात. तुम्हाला मी काय शिकवणार? चार लिहा. एक कोर्स देऊन बघू."

"दहाही असू शकतात, सर."

"असू शकतात."

"मग आणखी शंभर मोजते."

"कशाला जिवाला लावून घेताय? मी सही करतो ना."

"सही तुमची, शिरा त्यांच्या. मागच्या कोर्सला तोंड आतून सोललं होतं. पाणी गिळताना रडायचे."

डॉक्टर टेबलाशीच उभे राहिले.

दुसरे शंभर तिने सावकाश मोजले. जिथे शंका आली तिथे प्रत्येक वेळी पेशी चांगली धरली. या वेळी काही मागे सरलं नाही. फोन पुन्हा वाजला तोही तिला ऐकू आला.

नऊ.

तिने आकडा लिहिला, खाली सही केली आणि जिना चढून गेली.

नवरा शर्टाची बटणं लावून खाटेवर बसला होता.

"काय गं, पास की नापास?"

"दोनशेत सोळा."

"गणितात मला एवढेच पडायचे." मग तो म्हणाला, "म्हणजे काय?"

"घरी जायचं."

तो तिच्याकडे वळला.

"तूच मोजलंस?"

"हो. दोनदा."

"मग बरोबर असणार."

त्याने पाय खाली सोडले. ते सुजले होते, चपलेत शिरेनात. ती जमिनीवर बसली, त्याचा एक पाय मांडीवर घेतला आणि चपलेचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत सैल केला.