मधला थर

उत्खननवाल्या बाईंनी काचेवर अशी थाप मारली की आतला दिवा लुकलुकला.

"हे कुणी केलं?"

संग्रहालयाचे सुतारमामा खाली बसून भुसा गोळा करत होते. त्यांनी मान वर केली नाही. उद्घाटनाला तास उरला होता.

काचेआड होता गुहेच्या जमिनीतून अखंड कापून आणलेला, डिंक पाजून घट्ट केलेला तो मातीचा ठोकळा. तळाला चुलीची काळी राख, माथ्याला चुलीची काळी राख आणि मधे हातभर पांढरट, कोरी माती. गारठ्याचा काळ. त्या कोऱ्या मातीसाठी बाईंनी अकरा वर्षं जिवाचं रान केलं होतं. आता ती गायब होती. दोन्ही चुली एकमेकींना चिकटल्या होत्या, जणू एक काल विझवली आणि दुसरी आज पेटवली.

"साहेबांनी सांगितलं," मामा म्हणाले. "कपाट बुटकं निघालं. म्हणाले, मधल्यात काहीच नाही, तेवढं काढा."

"काहीच नाही? चार हजार वर्षं आहेत ती! थंडीनं माणसं परागंदा झाली, मेली, आणि तुम्ही करवत घेऊन..." बाईंचा आवाज चिरकला.

तेवढ्यात संचालकसाहेब आले.

"अहो बाई, लोकांना तगलेली माणसं बघायला आवडतात. आणि तुमच्याच पाटीवर लिहिलंय ना, 'या काळात येथे कोणीही नव्हते'?"

"तेच तर दाखवायचं होतं! ते कापलंत, आता सगळंच खोटं झालं!"

संचालक घड्याळ बघत निघून गेले. त्यांच्या पाठीवर काहीतरी फेकून मारावं असं बाईंना मनापासून वाटलं.

"ते मधलं टाकलं नाही अजून," मामा चाचरत म्हणाले. "पोत्यात मावेना, म्हणून उभं चिरलंय फक्त."

"चिरलंत?"

बाई तरातरा मागच्या अंगणात गेल्या, पोतं उपडं केलं. चिरलेली बाजू वर आली. सवयीनं त्यांनी फुंकर मारली आणि तिथेच उकिडव्या बसल्या. कोऱ्या मातीच्या ऐन पोटात, बाहेरून कधीच न दिसलेली, बोटभर जाडीची काळी रेघ होती. राख. खाली भाजून तांबूस झालेली माती. एका-दोघांपुरती चूल.

"काय झालं?" मागून आलेल्या मामांनी विचारलं.

"होतं कुणीतरी." बाईंनी मूठ जमिनीवर आपटली. "एवढ्या थंडीत होतं. आणि अकरा वर्षं मी सगळ्यांना सांगत सुटलेय, कुणी नव्हतं म्हणून."

मामांनी खिशातून पेचकस काढला.

"आधी काच काढू?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आधी माझी पाटी."