दोरी चढवून टांगलेलं धनुष्य

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी धनुष्य आहे. राजेमहाराजांच्या काळातलं नव्हे. माझं वय अवघं नऊ वर्षं. पण रोज ताणल्या जाणाऱ्या लाकडाला नऊ वर्षंही पुष्कळ झाली. माझे तीन तुकडे होतात. मधे शिसवाची मूठ आणि तिच्या वर-खाली बसणारी दोन पाती. दोन बोल्ट सैल केले की मी सुटतो आणि शाळेच्या दप्तराएवढ्या पिशवीत मावतो.

मला मुरगूडच्या पिराजी सुतारांनी घडवलं. त्यांचा सगळा जन्म बैलगाड्या करण्यात गेला होता. धनुष्य त्यांनी पहिल्यांदाच हाती घेतलं, तेही तालमीजवळच्या मैदानावर मुलांना धनुर्विद्या शिकवणाऱ्या प्रसेनजीत सरांच्या आग्रहावरून. पात्यांसाठी त्यांनी बांबूच्या पट्ट्या चिकटवल्या, वरून फायबरचा पातळ थर दिला. मग मला भिंतीला अडकवून दोरी थोडी ओढायची, लांब जाऊन डोळा बारीक करून बघायचं, वरचं पातं जास्त वाकतंय की खालचं, आणि काचेच्या तुकड्यानं केसभर खरवडायचं, असे तीन दिवस चालले. "जू दोन्ही बैलांच्या मानंवर सारखं बसाय पायजे," ते म्हणायचे, "न्हायतर गाडी जातीया वढ्यात."

मी वढ्यात गेलो नाही. चोवीस पौंडांचा माझा ताण, बाण सरळ सुटायचा आणि मुठीला हिसका बसायचा नाही. दोन वर्षांपूर्वी सरांनी मला उचगावच्या साक्षीच्या हाती दिलं. ती तेव्हा दहा वर्षांची होती. सराव संपला की ती आधी माझी दोरी उतरवायची, मग पात्यांवरची धूळ पुसायची आणि मगच पाणी प्यायची. जिल्ह्याच्या स्पर्धेत आम्ही दोघांनी रौप्यपदक आणलं. खरं सांगतो, तेव्हा मला फार गर्व झाला होता.

त्याच वर्षी सप्टेंबरात साक्षी सायकलवरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. हाताला प्लास्टर, मी पिशवीत.

मग खंडेनवमी आली. साक्षीचे वडील उदयसिंह फौंड्रीत लेथ चालवतात. त्या दिवशी कारखान्यात मशीनची पूजा झाली आणि घरी येताच त्यांना माझी आठवण झाली. त्यांनी मला पिशवीतून काढून जोडलं. माझे बोल्ट बोटांनी आवळायचे असतात, त्यांनी पान्यानं आवळले. अंगाला तेल चोळलं. मशीनला तेल लागतं, मग याला का नको? साक्षीकडून विचारून विचारून दोरी चढवली, हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. सगळ्या गल्लीनं येऊन माझ्यासोबत फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी साक्षी म्हणाली, "पप्पा, दोरी उतराय पायजे."

"आगं, धनुष्य धनुष्यासारखं दिसाय नको? दोरीबिगर नुसतं वाकडं लाकूड. तुज्या नजरंसमोर ऱ्हाऊ दे. बघून हात लवकर बरा हुतोय."

आणि मला टीव्हीच्या वर खिळ्याला टांगलं, तसंच, दोरी चढवलेलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. लेकीवर त्यांचा जीव होता.

मित्रांनो, एक खोल श्वास घ्या आणि आता सोडू नका. असं तुम्ही किती वेळ राहाल? मी साडेतीन महिने राहिलो. दुपारी खिडकीतून ऊन माझ्या वरच्या पात्यावर पडायचं आणि आतला डिंक मऊ व्हायचा. संध्याकाळी गार झालं की तोच डिंक आवळायचा. बोल्टखालचं लाकूड रोज थोडं दबत होतं. समोर माणसं जेवत होती, हसत होती, पाहुण्यांना मला दाखवत होती. माळेचा झेंडू वाळून गळाला. मला गळताही येत नव्हतं. माझीच दोरी मला दोन्ही टोकांनी बांधून बसली होती.

हे फक्त एकीच्या लक्षात आलं, साक्षीच्या आईच्या. मोनाताई पदवीधर आहेत, धनुष्यातलं त्यांना काही कळत नाही. पण घरातली कुठलीही वस्तू जागची हलली तर त्यांना कळतं. एका दुपारी धूळ झटकताना त्या थबकल्या. दोरी पूर्वी पात्याच्या मधोमध असायची, आता ती एका कडेला सरकली होती. त्यांनी कान जवळ आणला. तेवढ्यात माझ्या आत बारीक आवाज झाला, टिक्.

साक्षीचं प्लास्टर निघालं होतं आणि धनुष्य ओढायला डॉक्टरांनी नुकतीच परवानगी दिली होती. रविवारी राज्य स्पर्धेसाठी निवड चाचणी होती. ताण घेताना वरचं पातं तिच्या कपाळापासून वीतभर अंतरावर येतं.

"अहो, यातून आवाज येतोय," त्या म्हणाल्या. "साक्षी हे ओढणार नाही."

"झालं सुरू! पाल चुकचुकली तर भ्या, कुकरची शिट्टी झाली तर भ्या. आता लाकूड बोलाय लागलं व्हय?" उदयसिंह हसले. "चाचणीला आपल्याच धनुष्यानं जायाचं. पदक त्येनंच दिलंय."

"पदक मनगटानं दिलंय. ते एकदा मोडलंय. डोळा फुटला तर त्याला प्लास्टर घालता येत नाही."

शनिवारी ते कामावर गेले आणि मोनाताईंनी मला खिळ्यावरून काढलं. पाती जुनी झाली की दोरी उतरवतानाही फुटू शकतात, हे सरांनी शिकवलेलं साक्षीनंच सांगितलं, म्हणून त्यांनी तिला दोरीला हात लावू दिला नाही. चढवलेल्या दोरीनिशी मी पिशवीत मावेना. मग मोपेडवर पुढं आई, मागं लेक, आणि लेकीच्या पाठीवर आडवा मी. उचगावच्या पुलावर एक रिक्षावाला ओरडला, "ओ वैनी, शिकारीला निघालासा काय?"

मोनाताई हसल्या नाहीत.

प्रसेनजीत सरांनी मला हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "वहिनी, दोरी कवापासनं चढलीया?"

"खंडेनवमीपासून."

सरांनी वर-खाली पट्टी लावून मोजलं. दोन्ही पात्यांच्या वाकण्यात अर्ध्या बोटाचा फरक पडला होता. बोल्टखालचा दबलेला खड्डा त्यांनी अंगठ्यानं चाचपला. मग मला लाकडी घोडीवर बांधलं, दोरीला वजनकाट्याचा आकडा लावला, त्याला लांब दोर बांधला आणि दोघींना खांबामागं उभं केलं. एवढ्यात फाटकातून उदयसिंह तरातरा आले. शेजाऱ्यांनी फोन केला होता. "मोना, न विचारता आणलंस व्हय?"

"दादा, हितंच थांबा," सर म्हणाले आणि दोर ओढू लागले.

दहा पौंड. चौदा. सतरा. पूर्वी दोरी एवढी ओढली की बावीस भरायचे. मी सगळा जोर लावून धरून राहिलो होतो. अठराला माझं वरचं पातं फुटलं. फटाक्यासारखा आवाज झाला आणि हातभर लांबीची चिरफळी उडून पत्र्याच्या शेडवर आदळली.

साक्षीनं आईचा पदर घट्ट धरला. उदयसिंहांनी चिरफळी उचलली, तिच्या टोकावरून बोट फिरवलं, मग लेकीच्या कपाळाकडं बघितलं. "मला मशीनची भाषा कळतीया म्हणून मिरवत हुतो," ते म्हणाले. "ह्ये घरात बोलत हुतं, तर मी हसलो की."

सरांनी दोरी उतरवली. साडेतीन महिन्यांनी मी सैल झालो. मोकळं वाटलं म्हणावं, तर उरलेलं खालचं पातंही सरळ झालं नाही. जशी बांधून ठेवली होती, तशीच वाकून राहिली त्याची पाठ.

दुसऱ्या दिवशी साक्षी उसन्या धनुष्यानं खेळली आणि निवड थोडक्यात हुकली. ती रडली, पण दोन्ही डोळ्यांनी रडली. मोनाताईंना त्या दिवशी एवढंच पुरेसं होतं.

आता माझी मूठ तीच आहे, पाती नवी. उदयसिंह स्वतः मला मुरगूडला घेऊन गेले आणि पिराजी सुतारांच्या शिव्या मान खाली घालून ऐकून आले.

मित्रांनो, कौतुकानं भिंतीवर टांगलेली वस्तू सुखात असते असं समजू नका. ताणून वापरायचं ते वापरून झालं की सैल करा. आणि घरात कुणी म्हणालं, "थांबा, आवाज येतोय," तर हसण्याआधी एकदा जवळ जाऊन कान लावा. आम्हाला तेवढंच बोलता येतं.