छापलेला ध

वाचन चाचणीच्या वेळी वर्गशिक्षिकेनं मागच्या बाकावर बसायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, असा नियम. माझ्यासारख्या बडबड्या बाईला ही शिक्षाच. खिडक्या बंद, दार लोटलेलं आणि टेबलापाशी तपासनीस साहेब स्टॉपवॉच घेऊन बसलेले. मिनिटाला चाळीस शब्द वाचले की मूल पुढच्या वर्गात. नाहीतर खालच्या वर्गात, लहानांच्या रांगेत.

समोर आमची टकळी उभी होती. वर्गानंच पाडलेलं नाव. गेल्या वर्षी चाचणी मी घेतली होती. टकळीनं रांगेत पुढच्यांचं ऐकून बावन्न शब्द घडाघडा म्हणून दाखवले, तेही कागद उलटा धरून. मी कागद सुलटा केला आणि मुकाट्यानं आकडा लिहिला, कारण वर्गाचा निकाल चांगला दिसायला हवा होता. त्या बावन्नामुळे तिला मदत लागते हे कुणाला कळलंच नाही. मला लाज वाटते त्याची. म्हणून यंदा वर्षभर मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी बसले. पाठ म्हणायला बंदी. बोट ठेवायचं, दिसेल तेच वाचायचं. घ आणि ध यांनी तर आम्हाला नाकी नऊ आणले. घच्या डोक्यावर पूर्ण रेघ, धच्या डोक्यावर तुटकी, हे पक्कं व्हायला दोन महिने लागले.

टकळीनं बोट ठेवलं. तीन वाक्यं संथपणे वाचली. चौथं होतं, बाबांनी नवं घर बांधलं.

"बा-बां-नी न-वं..." ती थांबली. "धर?"

मी माझ्या हातातला कागद डोळे बारीक करून पाहिला. खरंच 'धर' छापलं होतं. सकाळपासून सगळी पोरं, साहेब आणि मीसुद्धा ते बिनधास्त 'घर' वाचत होतो.

साहेबांनी फुली मारली. "पुढे वाच."

"पण सर, इथे ध आहे."

"पुढे."

ती हलेना. बोट त्या तुटक्या रेघेवरच. माझी जीभ वळवळत होती, मी ओठ दाताखाली घट्ट धरले. मिनिट संपलं.

"अकरा," साहेब म्हणाले आणि जुनं रजिस्टर उघडलं. "गेल्या वर्षी बावन्न. वर्षभर केलंत काय, बाई?"

नियम गेला खड्ड्यात. मी उठले. "ते बावन्न खोटे आहेत, साहेब. ती पाठ म्हणत होती, मला माहीत होतं. आज ती खरं वाचतेय. कागद बघा ना, तिथे धच आहे."

साहेबांनी चष्मा पुसला, कागद डोळ्यांजवळ नेला.

"आहे खरा," ते नरमाईनं म्हणाले. "एक शब्द वाढवतो. बारा. पण चाळीस कुठून आणू? आणि गेल्या वर्षीचं मला लेखी द्या."

टकळी सगळं ऐकत होती. दाराशी मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तर तीच माझी समजूत घालायला लागली.

"जाऊ द्या ना, बाई. पुढच्या वेळी मी पाठ करून येते."