श्वासनळीतली लव

दुसरी नर्स आलीच नाही, म्हणून सकाळपासून राबलेली मीच संध्याकाळी पुन्हा ड्युटीवर. पायांचे तुकडे पडले होते. त्यात कोपऱ्यातल्या बाळाची आजी.

"ऑपरेशन आतड्याचं, मग छातीला काय धाड भरलीय?" तिने पुन्हा विचारलं.

"आजी, श्वासनळीला आतून बारीक लव असते. ती सारखी हलत कफ वर लोटते. भुलीच्या वायूने ती सुस्तावते. एवढ्याशा जिवाची जागी व्हायला वेळ लागतो. तोवर रडला तरच कफ सुटेल, म्हणून त्याला रडू द्यायचं."

"आमच्या लेकासारखीच की ती लव. दहा हाका मारा, नुसतं हूं!"

हसायचंही त्राण नव्हतं मला. दुपारीच बाळाची श्वासाची नळी काढली होती. कफ अडकला तर पुन्हा नळी, पुन्हा मशीन. आणि मुठीएवढ्या त्या छातीला ते दुसऱ्यांदा झेपेल याची खात्री डॉक्टरीणबाईंनाही नव्हती. बाळाची आई सिझेरियनचे टाके सांभाळत खुर्चीत बसून होती. तिला सगळं सांगितलेलं होतं. सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

शेजारच्या बाळाचं सलाईन बदलून आले, तर आजी खुशीत.

"रडू द्या म्हणे! बघा, थोपटून कसा निजवला. गुणाचं गं माझं बाळ."

गुणाचं कसलं! ओठ निळे पडत होते. तेवढ्यात मॉनिटरही कोकलायला लागला.

"सरका!" मी ओरडलेच. बाळाला कुशीवर घेतलं, बारीक नळी घालून कफ ओढायला लागले. काहीच येईना. डॉक्टरीणबाई धावत आल्या, श्वासाची नळी हातात धरून उभ्या राहिल्या.

"शेवटचं एकदा ओढ," त्या म्हणाल्या.

ओढलं. डिंकासारखा गोळा आला आणि पोराने टाहो फोडला. लालबुंद होऊन वॉर्ड डोक्यावर घेतला.

आजीचा हात आपसूक पुढे गेला. "उगी रे सोन्या, उगी..."

"आई, हात लावू नका त्याला!" सून उठून उभी होती, पोटावर हात दाबून. "रड रे राजा. घसा बसेपर्यंत रड." आणि तिचेच डोळे घळाघळा वाहत होते.

डॉक्टरीणबाईंनी हातातली श्वासाची नळी ट्रेमध्ये ठेवून दिली.

आजीने माझी बाही धरली. "मीच जीव घेत होते ना गं त्याचा?"

तिला खुर्चीत बसवलं आणि बाळाला पुन्हा कुशीवर वळवायला गेले.