लाल-निळ्याचा घोळ

दोऱ्याच्या कारखान्यात माझ्या नणंदबाई रंगवार रिळं खोक्यांत भरतात आणि ती नीट भरली का, हे कॅमेऱ्यातून तपासणारा संगणक मी सांभाळते. म्हणजे घरचं भांडण कामावर आणि कामाचं घरी. या आठवड्यात त्यांचे खोके धडाधड नापास होत होते. साहेबांनी बजावलं होतं, आज कारण सापडलं नाही तर बाई उद्यापासून घरी.

बाळाच्या दातांपायी मला झोप कसली ती नव्हती. डोळे चुरचुरत होते, काहीही वाचलं तरी डोक्यात शिरत नव्हतं. तरी चूक सापडली. नवा कॅमेरा रंग सांगताना निळा आधी सांगतो, लाल शेवटी. आमची स्क्रिप्ट, म्हणजे तपासणीचा प्रोग्राम, लाल आधी धरून बसलेली. त्यामुळे लाल रीळ तिला निळं दिसे आणि निळं लाल, म्हणून खोक्यावर लिहिलेल्या रंगाशी जुळत नसे. ज्या शहाण्याने कॅमेरा बसवला, त्याने चाचणी घेतली पांढऱ्या आणि हिरव्या रिळांवर. त्यांत लाल-निळ्याचं प्रमाण सारखंच, म्हणून तिथे ही अदलाबदल कळतच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

एक ओळ बदलली आणि हाक मारली, "ताई, या. सुटलात तुम्ही."

"तुझं यंत्र मालकिणीवर गेलंय," म्हणत त्या शेजारी टेकल्या. "झोपेतच असतं."

आठवड्याचे फोटो पुन्हा तपासायला लावले. लाल खोके पास, निळे पास. मला हायसं वाटलं. काही हिरवे मात्र नापासच राहिले. एक फोटो उघडला. हिरव्या रिळांच्या मधोमध एक तपकिरी रीळ. पुढच्या फोटोतही तेच. खोट्या नापासांच्या गर्दीत हे खरे कुणाच्या लक्षातच आले नव्हते.

"आता याला काय झालं?" ताई म्हणाल्या. "सगळी हिरवीच तर आहेत."

चेष्टा करतायत असं वाटलं. पण त्या डोळे बारीक करून एकेक रीळ न्याहाळत होत्या. मी एकदा तपकिरी रिळाकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि आपल्याला काहीतरी दिसत नाहीये हे त्यांना कळलं.

"थांब, सांगू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "मीच शोधते."

त्यांचं बोट पडद्यावरून सरकत सरकत एका हिरव्या रिळावर थांबलं.

"हेच ना?"

मागे साहेब येऊन उभे होते.