तुटू दे चित्र

एरवी रविवारी बंद असणारा कॉम्प्युटर क्लास त्या रविवारी सकाळी उघडला, तो देवश्रीला एका स्थळाला दाखवण्यासाठी. साल एकोणीसशे नव्व्याण्णव. मुलगा अमेरिकेत, त्याला यायला सवड नव्हती; तो इंटरनेटवरून, कॅमेऱ्यातूनच मुलगी बघणार होता. पूर्वी पोहे खाऊन नाकं मुरडत, आता पोहेही लागत नाहीत, एवढीच आपली प्रगती!

नगरच्या टेलिफोन लाइनीवरून चित्र धक्के खात जायचं, मध्येच थिजायचं. देवश्रीने इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी त्यावर प्रोग्राम लिहिला होता. तो दोन्ही टोकांना चालू असला की चित्रं आधी थोडी साठत, मग सारख्या वेगाने पडद्यावर येत. दहा सेकंद उशीर होई, पण चित्र तुटत नसे. वडिलांनी, शामकांतरावांनीच हौसेने तो मुलाकडे पाठवायला लावला होता.

आदल्या दिवशीच्या तालमीत, दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघताना, आईच्या, अंबिकाबाईंच्या ध्यानात भलतंच आलं. पोलिओमुळे देवश्री डाव्या पायाने लंगडे. प्रोग्राम बंद असला की ती दारात दिसे आणि एकदम खुर्चीत. मधलं चालणं गायब!

"बंदच ठेव तो," आई म्हणाली. "तुटू दे चित्र."

"पायाचं त्याला सांगितलंच नाहीत?"

"आधी उजवू तर दे तुला! मग कळलं तर कळलं."

देवश्रीने वडिलांकडे पाहिलं. शाळेत सुभाषितं शिकवणारे शामकांतराव खिडकीबाहेर बघत राहिले. तिला त्यांची किळस आली. रविवारी मुलगा लाइनीवर आल्यावर तिने प्रोग्राम चालू केला आणि कॅमेऱ्यासमोर दारापर्यंत चालून परत आली.

थोड्या वेळाने मुलाचा आवाज आला. "परत चाला."

ती चालली.

"आता जरा भरभर."

तिसऱ्या फेरीला तिकडे कुणीतरी खुदकन हसलं. "मुलीचं राहू द्या, काका. पण चित्र काय सुरेख येतंय! प्रोग्राम कुणी लिहिला? त्याचा मूळ कोडही पाठवा ना, आमच्या कंपनीत उपयोगी पडेल."

शामकांतराव लाचार हसले. "आमच्या पुतण्यानं. आजच पाठवतो."

लंगडी म्हणवून घ्यायची देवश्रीला सवय होती. हे मात्र तिच्या काळजात घुसलं. तिने माईक ओढून घेतला. "मी लिहिलाय. आणि मिळणार नाही."

अंबिकाबाईंनी तिथेच तिच्या थोबाडीत मारली. ती थप्पडही अमेरिकेत पोचली, कुठेही न तुटता.

"बरं काका," तो म्हणाला, "प्रोग्रामचं तेवढं बघा."

देवश्रीने टेलिफोनची वायर उपटली.

"बाबा, माझ्यासाठी आता स्थळ बघू नका. बघितलंत, तर पायाचं मीच सांगेन. आणि तुम्ही ते लपवलं होतंत, हेही सांगेन."