अठराव्या धड्यातली माफी

शिंप्याच्या नातीला पहिला दात आला, त्या सालची ही गोष्ट. इंडोनेशियात दिलेल्या लेकीचा फोन आला की तीन महिन्यांनी बाळाला घेऊन येतोय, सोबत सासूबाईही आहेत. शिंप्यानं कात्री खाली ठेवली आणि बायकोला सांगितलं, आपल्याला इंडोनेशियन शिकायचंय. बायको म्हणाली, आधी माझ्याशी मराठीत नीट बोलायला शिका.

शिकण्यामागचं कारण तिला ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी, लग्न ठरल्यावर, विहीणबाईंनी शिंप्याच्या कोटासाठी स्वतःच्या हातानं विणलेलं निळं कापड पाठवलं होतं. लेक परमुलखात चालली म्हणून शिंपी धुमसत होता. त्यानं ते कापड इस्त्रीच्या टेबलावर चार खिळ्यांनी ठोकून टाकलं. लग्नाला आलेल्या विहीणबाई दुकानात डोकावल्या, टेबलावरून हात फिरवला आणि बाहेर पडल्या. तेव्हापासून कापड तिथंच, इस्त्रीखाली जळत. काढलं असतं तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं. आता कबूल करायची होती, पण स्वतःच्या तोंडानं. लेकीला मध्ये घातलं तर ती बापाच्या शिवीचंही अत्तर करून सांगणार.

शिकवायला मेहुणा मिळाला. एका पातळ पुस्तकाचे अकरा धडे त्यानं उरकले होते आणि त्या भाषेचं बाळंतपण आपणच केल्याच्या थाटात तो गल्लीत फिरायचा. गल्ली त्याला पंडित म्हणायची आणि त्याला तो मान वाटायचा.

"या भाषेत क्रियापद जागचं हलत नाही, दाजी," पंडितानं पहिल्याच दिवशी सांगितलं. "काल, आज, उद्या, मी, तू, ती, सगळ्यांना एकच."

"मग मी जाळलं का जाळणार आहे, हे बाईंनी कसं ओळखायचं?"

झालेल्या गोष्टीला आधी 'सुदाह' लावायचं, असं पंडित म्हणाला आणि दाजींना शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असा चेहरा करून चहा प्यायला.

शिंपी अक्षरं शिकला तोच चाळिशी उलटल्यावर. वहीशी त्याचं कधी जमलं नाही. तो खडूनं कापडाच्या उलट्या बाजूला शब्द लिहायचा आणि शिवता शिवता घोकायचा. एका वकिलाच्या पँटच्या खिशावरचं 'तिदाक' पुसायचं राहिलं. तिदाक म्हणजे नाही. वकील महिनाभर खिशात नकार घेऊन हिंडला, आणि त्या महिन्यात त्याची एक केस चक्क निकाली निघाली, असं शिंपी सांगायचा.

पुस्तकावर मात्र त्याचा राग. पहिल्या धड्यात खुर्ची नि मेज, चौथ्यात हॉटेलची खोली, सातव्यात स्टेशन कुठे आहे. माफी थेट अठराव्या धड्यात. "हे पुस्तक लिहिणाऱ्यानं सतरा धडे कुणाचं काही वाकडं केलं नसेल," शिंपी म्हणाला. पंडित अकराव्याच्या पुढं जाईना. पाया कच्चा राहतो म्हणे. शेवटी शिंप्यानंच चष्मा चढवून अठरावा धडा काढला. तिथं माफीला 'माआफ' लिहिलेलं. एवढ्यासाठी या गाढवाला तीन महिने चहा पाजला, असं तो बायकोला म्हणाला.

पाहुणे आले. पंडित दारातच पुढं सरसावला आणि विहीणबाईंना विचारता झाला, स्टेशन कुठे आहे. दिवसभर प्रवास करून आलेल्या बाईंनी बिचारा वाट चुकला असेल म्हणून आल्या बाजूला बोट दाखवलं.

शिंपी त्यांना दुकानात घेऊन गेला. मागोमाग बाळाला कडेवर घेऊन लेक आली, तिला त्यानं हातानंच गप्प केलं. टेबलावरचं निळं कापड आता मधोमध पिवळं पडलं होतं, दोन जागी इस्त्रीचा आकार जळून उमटला होता. त्यावर तळवा ठेवून शिंपी म्हणाला, "काइन इबू, साया बाकार. साया सालाह. माआफ." तुमचं कापड मी जाळलं. मी चुकलो. माफी. 'सुदाह' घाईत राहूनच गेलं.

विहीणबाईंनी जळक्या डागांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या वाकल्या, एका खिळ्याला नख लावलं, तिथं उसवलेले धागे पाहिले आणि शिंप्याच्या तोंडावर म्हणाल्या, "जेलेक."

हा शब्द अठरा धड्यांत नव्हता. शिंप्यानं लेकीकडे पाहिलं. लेक अत्तर शोधत होती.

"जसं आहे तसं सांग."

"घाणेरडं काम, म्हणतात. शिंपी असून खिळे मारले."

चाळीस वर्षांत त्याच्या कामाला कुणी असं म्हटलं नव्हतं. म्हणणाऱ्याचं कापड त्यानं दुकानाबाहेर भिरकावलं असतं. तो म्हणाला, "बरोबर बोलल्या," आणि पक्कड शोधायला लागला.

खिळे त्यानं उपटले, बाई कापड ताणून धरत होत्या. जळकं कापून टाकल्यावर कोटापुरतं उरलं नाही. बाईंनी त्याच्या गळ्यातली टेप ओढून घेतली, त्याची छाती मापली आणि बाही खांद्यापाशी कापायची, असं तळव्यानं दाखवलं. बिनबाह्यांची बंडी. परत जायच्या दिवशी त्यांनी शिंप्यानं शिवलेल्या बंडीची शिवण उलटीकडून तपासली आणि मान डोलावली.

पंडित बाराव्या धड्यावर आहे.

विहीणबाई पुढल्या वर्षी फेब्रुवारीत वारल्या. शिंपी त्यानंतर तीन वर्षांनी, ऑक्टोबरच्या चार तारखेला सकाळी गेला. बंडी अंगात होती.